लिलियनबाईंचं देणं

आवाजावर पोट भरणाऱ्या माणसाला गुरू पुष्कळ भेटतात. माझ्या एका गुरूला मात्र मी कधी भेटले नाही. लिलियन रँडॉल्फ. ‘टॉम अँड जेरी’त झाडू घेऊन टॉमच्या मागे लागणारी कृष्णवर्णीय बाई आठवते? जिचे जाडजूड पाय आणि सपाता दिसतात, चेहरा जवळजवळ कधीच नाही. तो आवाज मुळात लिलियनबाईंचा.

ओळख करून दिली अंधेरीच्या डबिंग स्टुडिओतल्या आमच्या मॅडमनी. मी तेव्हा ‘क्राउड’मध्ये होते, भाजीवाली, शेजारीण, ‘पळा, पळा’ ओरडणारी मागची कुणीतरी. दाराआडून बोलणारी सासू वाट्याला आली आणि काही केल्या जमेना. मॅडमनी १९४०चा ‘पुस गेट्स द बूट’ लावला आणि मला पडद्याकडे पाठ करून बसवलं. जोडीचं हे पहिलं कार्टून. यात टॉमचं नाव जॅस्पर आहे. बाई त्याला दम भरते, आणखी एक वस्तू फुटली तर घराबाहेर! ‘आउट’चं स्पेलिंगही करून सांगते, तेही चुकीचं. लिहिणाऱ्याने विनोद तिच्या अडाणीपणावर बेतलाय. पण लिलियनबाई तो अशा ठसक्यात टाकतात की स्पेलिंग राहतं बाजूला, मांजराबरोबर आपणही सरळ होतो. दिवसभर राबून आलेला वैताग, घरावरची हुकमत, सगळं त्या आवाजात आहे. सासू कुठून बोलली पाहिजे ते मला तेव्हा कळलं. पुढची सगळी कामं त्या सासूमुळे मिळाली.

ती बाई म्हणजे काळ्या मोलकरणीचा ठरीव साचा, हा कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’चा आक्षेप खराच होता. पण कृष्णवर्णीय नट्यांच्या वाट्याला तेव्हा बहुतेक असंच काम यायचं: हे कार्टून आलं त्याच फेब्रुवारीत हॅटी मॅकडॅनियलला ‘गॉन विथ द विंड’मधल्या मोलकरणीसाठी ऑस्कर मिळालं आणि त्या समारंभात तिला वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. लिलियनबाईंचा चेहरा पाहायचा तर ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६) पाहा. तिथेही मोलकरीणच.

१९५२नंतर ती बाई कार्टूनमधून गेली. इथवर ठीक. पण साठच्या दशकात टीव्हीसाठी म्हणून काही कार्टूनांत तिच्या जागी सडपातळ गोरी बाई रंगवली आणि जून फोरेकडून आयरिश ढंगात संवाद बोलून घेतले. नव्वदच्या दशकात थिया व्हिडेल या कृष्णवर्णीय नटीकडून पुन्हा डबिंग झालं, बोली सौम्य करून. फोरे आणि व्हिडेल दोघी कसलेल्या, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण साचा बनवला स्टुडिओने आणि पुसला गेला आवाज, जो त्यात एकटाच अस्सल होता. ही कसली दुरुस्ती? आमच्या धंद्यात याला पोटावर पाय म्हणतात.

मूळ आवाजाची प्रत मिळाली तर डोळे मिटून एकदा ऐका. श्रेयनामावलीत मात्र शोधू नका, तिथे बाईंचं नाव नाही. ते तुम्हीच लक्षात ठेवा: लिलियन रँडॉल्फ.