सातवा महिना, भाड्याची खोली

घरमालकाने आज पुन्हा विचारलं, खोली कधी खाली करता? भाडं थकलंय, त्यांचंही खोटं नाही. पण सातव्या महिन्यात नवी खोली देतं कोण? "बाळंतपण इथंच का?" हे आधी विचारतात, भाड्याचं मग.

अंगणवाडीच्या ताईंनी मातृवंदना योजनेचा अर्ज भरून घेतला. पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, तेही दोन हप्त्यांत. घरकुल योजनेत घर बांधायला आधी जागा नावावर हवी; पैसे बांधकाम चढेल तसे. म्हणजे जमीन असलेल्यालाच छप्पर. 'सखी' केंद्रात आसरा मिळतो, पण तो छळातून सुटलेल्या बाईला, थोड्या दिवसांचा. मला कुणी छळलेलं नाही, फक्त पैसा नाही. असल्या बाईसाठी रकाना कुठं आहे?

१८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात गरोदर विधवांसाठी घर उघडलं. गुपचूप येऊन बाळंत होता यायचं. आपलं कारंजा तर नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव! दर्शनाला लांबून माणसं येतात, त्यांना उतरायला जागा असते, मला नाही.

माहेरी जायचं म्हटलं तर तिथं एकच खोली, त्यात भाऊ-भावजय. आई म्हणते, ये माय, मी ओसरीत निजीन. भावजयीला अजून विचारलेलं नाही. उद्या निवाऱ्याचं विचारायला नगरपरिषदेत जाऊन येते, मग तिला फोन.