तारांची कुरकुर

दुसऱ्याच्या चपलांची करकर आपणांस चटकन ऐकूं येते. परंतु आपल्याच चपला करकरतात हें कोणी सांगितल्यावांचून कळत नाहीं. वाद्य वाजविणाऱ्याचेंही असेंच आहे. गेल्या वर्षीं हा अनुभव मला आला, व त्यापायीं जें थोडें शिकावयास मिळालें तें शाळासोबत्यांस सांगावें म्हणून हा लेख.

आमच्या शाळेच्या वाद्यवृंदांत मी बेस गिटार वाजवितों. साध्या गिटारीस सहा तारा असतात, हिला बहुधा चारच. पण त्या जाड व लांब असून त्यांचा स्वर खर्जांतला असतो. घराच्या पायाप्रमाणें तो गाण्याखालीं राहतो. तो आहे तोंवर त्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं, आणि नाहींसा झाला कीं सारें गाणें अधांतरीं लोंबूं लागतें.

माझे वडील शिंपीकाम करतात. गणपतीच्या दिवसांत त्यांनीं शिलाईच्या पैशांतून कांहीं रक्कम बाजूस काढून मला नव्या तारांसाठीं दिली. मुंबईस धोबी तलावाजवळच्या वाद्यांच्या दुकानांत जाऊन मीं सर्वांत लखलखीत अशा स्टेनलेस पोलादाच्या तारा आणल्या. त्या चढविल्यावर स्वर घंटेसारखा खणखणीत उमटूं लागला, आणि माझ्या अभिमानास सीमा राहिली नाहीं.

पुढें नाताळाच्या कार्यक्रमाच्या तालमी सुरू झाल्या. पहिलीदुसरीच्या मुलांनीं एक संथ अंगाईगीत म्हणावयाचें, व त्यांच्यामागें फक्त पियानो आणि माझी बेस गिटार, अशी योजना होती. संगीताच्या सरांनीं तालीम मोबाइलवर मुद्रित करून आम्हांस ऐकविली. मुलांचे कोंवळे आवाज ऐकूं आले; पण प्रत्येक ओळीच्या शेवटीं माझा हात एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर सरके, तेव्हां "किर्रर्" असा आवाज उठे. सर हंसून म्हणाले, "आपल्या गाण्यांत हा उंदीर कोठून शिरला?" लहान मुलें खदखदून हंसलीं. मग सरांनीं मला बाजूस घेऊन शांतपणें सांगितलें, "नाताळापर्यंत हा आवाज गेला तर बरें, न गेला तर हें गीत नुसत्या पियानोवर होईल."

त्या रात्रीं मीं ध्वनिवर्धकाची खुंटी फिरवून उंच स्वर कमी करून पाहिले. उंदीर कांहींसा दबला. पण माझा सूरही कांबळें पांघरल्यासारखा घुसमटला. वडिलांस हें सांगण्याचा धीर मला होईना. त्यांच्याच पैशांनीं मीं चुकीची वस्तु आणली, हें कोणत्या तोंडानें सांगावें? परंतु त्यांनीं यंत्र थांबवून विचारलेंच, "बाळ, आज वाजवतांना सारखा अडखळतोस कां?" तेव्हां सर्व हकीकत सांगावी लागली. ते उठले आणि कापड पारखतात त्याप्रमाणें त्यांनीं तारेवरून बोट फिरविलें. म्हणाले, "ही तर घोंगडी आहे रे! अंगाईच्या दुपट्याला कोणी घोंगडीचें अस्तर लावतें काय?"

ज्यानें आयुष्यांत कधीं गिटार हातांत धरली नाहीं, त्यानें एका बोटानें दुखणें ओळखलें. दुसऱ्या दिवशीं सरांनीं त्याचें कारण समजावून दिलें. बेसची तार एकसंध नसते. आंत पोलादाचा गाभा असतो व त्यावर बारीक तार गुंडाळलेली असते. ही वरची तार गोल असली तर वेढ्यावेढ्यांच्या मध्यें खांच पडते. अशा तारेस राउंडवाउंड म्हणतात. बोट तिच्यावरून सरकलें कीं कानशीवरून नख ओढल्याप्रमाणें तें प्रत्येक उंचवट्यास घासतें. वेढ्याची तार अर्धा मिलिमीटर जाड धरली, तर एका सेंटिमीटरांत वीस वेढे होतात. हात सेकंदास पन्नास सेंटिमीटर वेगानें सरकला, तर सेकंदास एक हजार ठोके बसतात. बेसच्या सर्वांत जाड तारेचीं कंपनें सेकंदास सुमारें ४१ असतात. हत्तीच्या पावलांमध्यें उंदराचें चिंचिं वेगळें ऐकूं येणारच!

मग सरांनीं आपलें व्हायोलिन माझ्यापुढें धरलें आणि त्याच्या जाड तारेवर बोट फिरवावयास सांगितलें. ती आरशासारखी गुळगुळीत होती. कारण तिच्यावर चपटी पट्टी गुंडाळलेली होती. बेस गिटारीसही अशाच तारा मिळतात. त्यांस फ्लॅटवाउंड म्हणतात. लिओ फेंडर यांनीं १९५१ सालीं अमेरिकेंत आपली प्रिसिजन बेस विक्रीस आणली, तेव्हां तिच्यावर चपट्या वेढ्यांच्याच तारा असत. पुढें १९६६ च्या सुमारास इंग्लंडांत जॉन एंटविसल या वादकाच्या आग्रहावरून रोटोसाउंडच्या खणखणीत गोल वेढ्यांच्या तारा निघाल्या व लोकप्रिय झाल्या. मात्र डेट्रॉइट येथील प्रसिद्ध वादक जेम्स जेमर्सन यांनीं चपट्या तारा सोडल्या नाहींत, आणि ते त्या क्वचितच बदलीत.

यांशिवाय मधले मार्गही आहेत. गोल वेढे घासून वरून सपाट केलेली हाफराउंड तार कुरकुर कमी करते व चमकही थोडी राखते. नायलॉनची फीत गुंडाळलेली टेपवाउंड तार फार मऊ लागते. कांहीं गोल तारांवर पातळ लेप दिलेला असतो. त्यामुळें घर्षण कमी होतें. गोल तारच हवी असेल, तर स्टेनलेस पोलादापेक्षां निकेलचा मुलामा दिलेली तार बोटास सौम्य लागते. परंतु प्रत्येक सुखाची किंमत असते. चपट्या तारेचा स्वर बसका व गोल असतो. अंगठ्यानें ठोके मारून वाजवावयाच्या चालींस तो शोभत नाहीं. शिवाय पुष्कळशा चपट्या तारांचा ताण अधिक असतो. त्यामुळें गिटारीच्या मानेचा बाक जाणत्याकडून नीट करून घ्यावा लागतो.

चपट्या तारांची किंमत माझ्या पहिल्या तारांच्या जवळजवळ दुप्पट होती. वडील एवढेंच म्हणाले, "बेत चुकला तर शिवण उसवावी; चुकलेला कपडा अंगावर घालून हिंडूं नये." पण या वेळीं मीं नुसते पैसे घेतले नाहींत. पुढें लग्नसराई होती. दिवाळीच्या सुट्टींत रोज संध्याकाळीं मीं काजें घातलीं, गुंड्या लावल्या आणि तुरपाई केली. सुई बोटांत रुतली म्हणजे तारेची आठवण होई.

नव्या तारा चढल्या आणि उंदीर बव्हंशीं पळाला. बव्हंशीं म्हणण्याचें कारण, उरलेला माझ्या हातांत होता. हात हलवितांना बोटें तारेवरून ओढूं नयेत, किंचित् उचलून न्यावीं, आणि वाजविण्यापूर्वीं हात धुवून कोरडे करावे, हें सरांनीं घोटून घेतलें. माझे जुने खणखणीत स्वर गेले याचें पहिले दोन दिवस वाईट वाटलें. मुलांबरोबर वाजवितांना तें विसरून गेलों.

नाताळाच्या कार्यक्रमांत तें अंगाईगीत झालें. शेवटची ओळ संपल्यावर सभागृहांत क्षणभर पूर्ण शांतता होती. बाहेर आल्यावर एका लहान मुलीची आई मला म्हणाली, "गाणें फार गोड झालें हो! पण तूं त्यांत काय वाजवीत होतास तें कांहीं माझ्या ध्यानांत आलें नाहीं." मीं नम्रपणें मान लवविली. मागें उभे असलेले वडील मात्र गालांत हंसत होते, कारण चांगल्या कपड्याची शिवण दिसत नाहीं हें त्यांस ठाऊक होतें.