कॅसेट कोणाचीही, मशिन कोणाचंही

नव्वदच्या दशकात इंदापुरात व्हिडिओ गेम घ्यायचा म्हणजे बारामती गाठायची, नाहीतर पुण्याला निघालेल्या काकाला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणायला सांगायचं. कोणता आणायचा, यावर गल्लीत खल चाले. कुणाला समुराई हवा, कुणाला मीडियाचा, कुणाला टर्मिनेटरच. तो काळा, रुबाबदार, दिसायला थेट सेगाच्या मेगा ड्राइव्हसारखा. झाकण उघडलं तर आत निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल! बाकीच्यांच्या पोटातही तेच.

त्यामुळे साठ पिनांची कॅसेट कुठल्याही मशिनमध्ये बसायची. कॉन्ट्रा एकाकडे, मारिओ दुसऱ्याकडे, आणि सुट्टीभर त्या घरोघर फिरायच्या. कॉन्ट्राबरोबर ‘वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए’ हा ३० लाइफचा मंत्रही जायचा. गेम अडकला की कॅसेट उपसून खाचेत फुंकर मारायची आणि पुन्हा दाबून बसवायची. अँटेनाच्या जागी मशिनची वायर खोचून, टीव्हीचं बटण हळूहळू फिरवत मुंग्यांतून चित्र शोधायचं. ते सापडलं की सगळी पोरं ओरडायची. सेव्ह करायची सोय बहुतेक गेमना नव्हती; शेवटच्या टप्प्यावर लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

आता मशिन घरपोच येतं. एक्सबॉक्सचे सिरीज एक्स आणि एस १० नोव्हेंबर २०२० ला आले, प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला. सिरीज एक्स आणि डिस्कवाला प्लेस्टेशन, दोघांचीही तेव्हाची किंमत ४९,९९० रुपये. चित्र असं की खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसावा. पण याची डिस्क त्यात चालत नाही, आणि सिरीज एसला तर डिस्कची खाचच नाही. डाउनलोड करून विकत घेतलेला गेम खात्यात अडकून राहतो, शेजारच्या पोराच्या हातात देता येत नाही. फोर्टनाइटसारख्या काही गेममध्ये दोन्हीकडची मुलं एकत्र खेळतात, हे चांगलंच झालं. तरी उसनवारी गेली, आणि त्या निमित्तानं एकमेकांच्या घरी जाणंही कमी झालं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भाचा विचारतो, ‘मामा, कोणता घेऊ?’ मी म्हणतो, आधी मित्रांकडे कोणता आहे ते बघ. मग त्याच कंपनीचा, डिस्क बसते तो घे. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.