चार्टमध्ये नसलेला कॉलम

अंबाजोगाईत 'स्वाराती' म्हटलं की रिक्षावाल्याला पुढे काही सांगावं लागत नाही. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. आशियातलं पहिलं ग्रामीण मेडिकल कॉलेज, असं अंबाजोगाईकर सांगतात (आणि सांगताना जरा ताठ होतात). केज, धारूर, परळी... आजूबाजूचे पेशंट इथेच येतात.

आता दिवाळीनंतरचा बीड जिल्हा डोळ्यांसमोर आणा. लाखो माणसं ऊसतोडीला गेलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल, आणि मुक्काम थेट सांगली-कोल्हापूर नाहीतर कर्नाटकात. गावात उरतात म्हातारी माणसं. त्यातलं कुणी आजारी पडलं की शेजारचा कुणीतरी आणून ॲडमिट करतो आणि संध्याकाळच्या एसटीने परत जातो. मुलाने यायचं तर खाडा पडतो, मजुरी बुडते, उचल फिटायची राहते. त्यामुळे 'हल्ली मुलं बघत नाहीत हो' असं झटकन म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

मामाच्या आजारपणात मी काही रात्री दवाखान्यात काढल्या. शेजारच्या कॉटवर अशीच एक आजी होती. पाणी प्यायचीच नाही. डॉक्टरांचं सांगून झालं, मामीचं सांगून झालं. रात्रपाळीच्या सिस्टरने सलाईन बदलता बदलता सहज विचारलं, "आज्जे, पोरगं कुठल्या कारखान्याला गेलंय?"

झालं, आजीची गाडी सुटली! कारखाना, मुकादम, खोपीत राहणारं नातवंड. मग आवाज बारीक करून म्हणाली, "पाणी पेलं की उठावं लागतंय माय. रातच्याला कुनाला उठवावं?"

"मला हाक मारायची. मी जागीच असते."

आजीने तांब्या उचलला. फार तर दोन मिनिटं, आणि तेवढ्यात सिस्टरचे हात एकदाही थांबले नव्हते.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंच्या १८५९ च्या 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये एक अख्खं प्रकरण पोकळ धीर देणाऱ्या भेटकऱ्यांवर आहे. 'काही होत नाही, बरे व्हाल' असं म्हणणाऱ्यांनी पेशंट थकतो, त्यापेक्षा बाहेरची एखादी खरी चांगली बातमी सांगा, असं त्यांचं म्हणणं. सिस्टरने हे वाचलं असेल नसेल, कारखान्याचं विचारणं मात्र त्याच जातीचं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात लॉगमध्ये नाही ते घडलंच नाही. चार्टचंही तसंच. ताप, बीपी, लघवी किती, सगळ्याला कॉलम. त्या रात्रीनंतर आजीच्या 'इनटेक'चा आकडा वाढला असणार, पण कशामुळे ते कुठे लिहायचं? आणि जे लिहिलं जात नाही ते माणसं मोजताना धरलंही जात नाही. अख्ख्या वॉर्डाला रात्री एक सिस्टर ठेवायची आणि वर 'पेशंटशी प्रेमाने बोला' असा बोर्ड लावायचा, हा विनोद आहे. आधी माणसं भरा, बोर्डाचं नंतर बघू.

असो. ते होईल तेव्हा होईल. तोवर कुणाला ॲडमिट करून परत निघाला असाल, तर सिस्टरच्या कानावर एवढं घालून जा : पेशंटचं गाव कुठलं, लेक कुठल्या कारखान्याला आहे, घरात हाक काय मारतात.