मधूच्छिष्ट

संस्कृतांत मेणाला ‘मधूच्छिष्ट’ असें नांव आहे. मध काढून घेतल्यावर मागें उरतें तें, म्हणजे मधाचें उष्टें. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकांत ‘मानसोल्लास’ नांवाचा ग्रंथ रचला. त्यांत मेणाची मूर्ति करून तिला मातीचें वेष्टण द्यावें, मग तापवून मेण ओतून टाकावें व त्या पोकळींत धातूचा रस भरावा, असा विधि सांगितला आहे. तेथें मेणाचें मुख्य कर्तव्य हें, कीं त्यानें वेळेवर निघून जावें. आमच्या मोटारीला लावलेलें मेण मात्र निघून जावयास तयार नव्हतें, आणि त्यापायीं गेल्या चैत्रांत मोडनिंब येथें आमच्यावर जो प्रसंग ओढवला, तो वाचकांस निवेदन करण्याचें योजिलें आहे.

मोटार काळी, नऊ वर्षें वापरलेली. ती आमच्या पत्नीच्या मामेभावाला विकण्याचें ठरलें होतें. ते कुर्डुवाडीस शिक्षक आहेत, आणि या खरेदीसाठीं त्यांनीं कर्ज काढलें होतें. त्यांनीं बोललेला आकडा आम्हांस अंमळ कमीच वाटला होता. परंतु शिक्षकाची मिळकत ती केवढी, असें म्हणून आम्हीं तो पत्करला व मनांतल्या मनांत औदार्याचें श्रेय घेतलें. गाडींत कसलाहि दोष नाहीं, असें आम्हीं त्यांना सांगितलें होतें. आतां दोन वर्षांपूर्वीं, उसाच्या ट्रॅक्टरला वाट देतांना, मागचा डावा दरवाजा एका पुलाच्या कठड्याला घासला होता आणि त्याचा खालचा अर्धा भाग आम्हीं नव्यानें रंगवून घेतला होता, एवढें सांगावयाचें राहून गेलें. ‘राहून गेलें’ हा शब्दप्रयोग मोठा सोयीचा आहे. खरें पाहतां ती गोष्ट दोनदां ओठांवर आली व दोनदां आम्हीं ती गिळली.

बाकीचे डाग उघड होते व त्यांची लाज नव्हती. गांवाच्या नांवांतच निंब. आमची मोटारहि निंबाखालीं उभी असे. चैत्रांत तिच्यावर मोहोर गळतो, आषाढांत पिकल्या निंबोळ्या पडतात, आणि त्या खावयास येणारे पक्षी आपली पावती ठेवून जातात. ही पावती आम्लधर्मी असते. उन्हांत दोन दिवस राहिली तर वरच्या थरांत खड्डाच पाडते. कूपनलिकेच्या जड पाण्याचे थेंब वाळले कीं चुन्याचीं वर्तुळें उरतात. तीं मात्र पाणी मिसळलेल्या व्हिनेगरनें जातात. पूर्वीच्या मोटारींना रंग हाच शेवटचा थर असे व तो घासून पुनःपुन्हां उजळतां येई. आज रंगावर एक पारदर्शक थर असतो, आणि सगळे थर मिळून जाडी मिलीमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. तेव्हां घासून चमक आणणें म्हणजे भांडवल खाऊन श्रीमंती दाखविणें होय.

म्हणून आम्हीं मेणाचा आश्रय केला. ब्राझील देशांत कार्नोबा नांवाचा ताड होतो, त्याच्या पानांवरचें हें मेण. ऐंशी अंशांहून अधिक उष्णतेवांचून तें वितळत नाहीं. बारीक चरे भरून काढण्याचा त्याचा लौकिक आम्हीं ऐकला होता. तें सावलींत, पातळ, एकेका भागाला लावावें व लगेच पुसावें, असें डबीवर स्पष्ट छापलें होतें. आम्हीं भर दुपारीं, महामार्गाची धूळ उडत असतां, सबंध गाडीला तें सढळ हातानें फांसलें.

अर्ध्या तासांत काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या भस्म लावल्यासारख्या झाल्या. तेंहि चाललें असतें. परंतु मागच्या दरवाजावर, बरोबर मध्यावर, एक सरळ पांढरी रेघ उमटली. रंगवितांना चिकटपट्टी लावून वरचा भाग झांकतात. पट्टी काढल्यावर तेथें केंसाएवढी कड राहते. डोळ्यांना ती कधीं दिसली नव्हती. मेणानें ती शोधून काढली, व जुना रंग कोठें संपला आणि नवा कोठें सुरू झाला, हें खडूनें आंखून दिलें! आम्हीं कोरडें फडकें घेऊन घासूं लागलों, तों फडक्यांतील धुळीनें भोंवतीं बारीक वर्तुळें उठलीं. पाण्यानें कांहीं होईना. इतक्यांत पाहुणे दारांत उभे.

ते गाडीभोंवतीं फिरले, त्या दरवाजापाशीं थांबले आणि रेघेवरून त्यांनीं नख फिरविलें. आम्हीं घसा खाकरून म्हटलें, “त्याचं असं आहे, दोन वर्षांमागं...”

“दरवाजा रंगवलाय ते अक्कानं मला तेव्हांच सांगितलं होतं, दाजी,” ते म्हणाले. “तेवढं वजा धरूनच तर मी आकडा बोललो. पण हे पांढरं काय फुटलंय? हे कांहीं ती बोलली नव्हती.”

वाळलेलें मेण ताज्या मेणानें मऊ पडतें, ही युक्ति त्यांनींच सांगितली. गाडी सावलींत घेतली, रेघेवर पुन्हां पातळ मेण लावलें, आणि दांत घासण्याच्या मऊ ब्रशानें एका टोंकाकडून ते व दुसऱ्या टोंकाकडून आम्ही, असे दोघे बसलों. पत्नीनें चहा आणून ठेवला. आमच्याकडे तिनें पाहिलें नाहीं. दिवस मावळण्याच्या सुमारास रेघ गेली. खालच्या रंगाची छटा तिरप्या उन्हांत थोडी निराळी दिसत होती. पाहुण्यांनीं वांकून ती एकदां पाहिली, हात पुसले आणि किल्ली मागितली.