स्थैर्याची परीक्षा

इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकाऱ्यांनी एका प्रात्यक्षिकाचे मराठी टिपण आम्हां दोघांकडे भाषाशुद्धीसाठी दिले. ‘स्टॅबिलिटी’ला ‘स्थिरता’ म्हणावे की ‘स्थैर्य’, असा त्यांचा प्रश्न होता. आमच्या दोघांतच मतभेद झाला, म्हणून आम्ही प्रयोगच पाहिला.

विषय होता स्विचिंग रेग्युलेटर. चार्जरपासून संगणकापर्यंत सर्वत्र हे मंडल असते. त्यातील स्विच सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतो. व्होल्टेज किती ढळले हे पाहून त्याला सतत दुरुस्त करते ते प्रत्याभरण. ऋण प्रत्याभरणाची ही कल्पना बेल लॅबोरेटरीजमधील हॅरल्ड ब्लॅक यांना १९२७ मध्ये सुचली. परंतु दुरुस्ती पोहोचण्यास विलंब लागतो. त्या विलंबामुळे ती नेमकी उलट्या वेळी पोहोचली, तर चूक निस्तरण्याऐवजी वाढते आणि मंडल स्वतःच आंदोलू लागते. या धोक्याचा गणिती निकष हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये मांडला.

परीक्षेची रीत मोठी अर्थपूर्ण आहे. नियंत्रणाचे चक्र तोडून मोजावे, तर वर्धन इतके प्रचंड की मंडल एका टोकाला जाऊन अडकते. म्हणून चक्र अखंड ठेवूनच प्रत्याभरणाच्या वाटेवर दहा-वीस ओहमचा रोधक घालतात, ट्रान्सफॉर्मरद्वारे तेथे एक इवलासा तरंग सोडतात आणि वारंवारता बदलत रोधकाच्या दोन्ही बाजूंचे गुणोत्तर मोजतात. मिडलब्रुक यांनी १९७५ मध्ये या पद्धतीची शास्त्रीय मांडणी केली. जेथे वर्धन एकावर उतरते, तेथे धोक्याची कला (फेजला मराठीत ‘कला’च म्हणतात!) किती अंश दूर आहे, हे पाहायचे. ४५ ते ६० अंश शिल्लक असले की सहसा निश्चिंती. फारच थोडे उरले, तर भार एकाएकी बदलताच व्होल्टेज बराच वेळ हेलकावत राहते.

म्हणजे येथे अभिप्रेत आहे ती निश्चलता नव्हे, तर ढळल्यावर सावरण्याचे सामर्थ्य. दहाव्या शतकातील धनंजयाने ‘दशरूपका’त स्थायी भावाचे लक्षण असेच सांगितले आहे: अनुकूल वा प्रतिकूल भावांनी जो खंडित होत नाही, उलट त्यांना आत्मरूप करतो, तो स्थायी. तेव्हा ‘स्थैर्य’ हाच शब्द आम्ही सुचवला.

प्रश्न मात्र तेथे संपत नाही. साहित्याच्या वर्गातही प्रत्याभरण असते, आणि ते बहुधा सत्र संपल्यावर पोहोचते. तेव्हा हाती पडलेला शेरा निबंध सुधारत नाही. विद्यार्थी पुढच्या लेखनात मागच्याच शेऱ्याला उत्तर देत बसतो. शेरा चूक असतो असे नव्हे, तो उशिरा आलेला असतो. म्हणून यंदा एम. ए.च्या वर्गात आम्ही दोनच पानांचे निबंध मागवतो आहोत आणि ते आठवड्याभरात परत करतो आहोत. तरंग लहान असावा, आणि चक्र तुटू नये.