रायातेआची स्वस्त बोट

रत्नागिरी

चि. भाचेबाईंस,


फोटो मिळाले. बोट देखणी आहे हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं वाचताना मामा खडूस आहे असं तुला वाटणार नाही. १९८१ साली फ्रान्समध्ये बांधलेली, ३४ फुटी, एका डोलकाठीची, अंग फायबरचं, किंमत १२ हजार युरो. ऑकलंडला याच लांबीच्या, याच वयाच्या बोटी दुप्पट-तिप्पट किमतीला आहेत हे तू पाहिलंस आणि तेव्हापासून तुझी झोप उडालीय. उडणारच. न्यूझीलंडमध्ये लिटलटनला दर शनिवारी दुसऱ्याच्या बोटीवर दोर ओढणाऱ्या माणसाला आपली स्वतःची बोट हवीशी वाटणार नाही तर काय.

जाहिरातीत म्हटलंय की बोट ‘आहे तशी, आहे तिथे’ विकायची आहे. तुझे सगळे प्रश्न ‘आहे तशी’बद्दलचे आहेत: इंजिन चालू होईल का, शिडं किती टिकतील, आतला डाग कसला. मी अडलो ते ‘आहे तिथे’ला, म्हणजे रायातेआला. विमा कंपन्यांसाठी जन्मभर जहाजं आणि ट्रॉलर तपासले. वस्तू किती मोडलीय यापेक्षा ती कुठे मोडलीय यावर खर्च ठरतो, हे त्या धंद्यात फार लवकर कळतं. इथे मिरकरवाड्यात शाफ्ट वाकला तर रिक्षात घालून लेथवाल्याकडे नेता येतो. रायातेआत वाकला तर आधी त्याचं माप पाठव, मग भाग ताहितीला येण्याची वाट बघ, मग आंतरबेटी मालवाहू बोटीची वाट बघ, आणि खोक्यातून चुकीच्या मापाचा निघाला तर पुन्हा पहिल्यापासून.

नकाशा उघडून बस. पनामाहून निघालेल्या बोटी गालापागोसला टेकतात, तिथून मार्केसास बेटांपर्यंत जवळजवळ ३,००० सागरी मैल नुसतं पाणी. मग तुआमोतूची प्रवाळबेटं, ताहिती, आणि तिच्या वायव्येला दोनशेएक किलोमीटरवर रायातेआ. तोवर नोव्हेंबर जवळ येतो. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिकडचा चक्रीवादळांचा मोसम, म्हणून लोक बोट यार्डात सुक्यावर चढवतात आणि विमानाने घरी जातात. घरी गेल्यावर आईबाप म्हातारे झालेले दिसतात, नाहीतर नवराबायकोपैकी एकाला साक्षात्कार होतो की आपल्याला समुद्र कधी आवडतच नव्हता. परत अटलांटिककडे जावं तर आग्नेयेचा व्यापारी वारा तोंडावर येतो. पुढे जावं तर अजून तेवढाच महासागर शिल्लक. बोट तिथेच राहते आणि यार्डाचं भाडं चढत जातं. तुझी बोट अशी तीन वर्षं उभी आहे. तिची किंमत तिच्या लाकूडलोखंडावरून ठरलेली नाही. ब्रिटनीतल्या कुठल्यातरी घरात बसलेल्या एका माणसाला दर महिन्याचं बिल नकोसं झालंय, तिथून ती आलीय.

तू मला जोशुआ स्लोकमचा दाखला दिलास. फुकट मिळालेल्या सडक्या बोटीतून माणूस एकट्याने जग फिरून आला, मग मी का नाही, असं तुझं म्हणणं. दाखला छान आहे, फक्त पुरा वाच. १८९२ साली मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवनला एका माळावर ताडपत्रीखाली ‘स्प्रे’ पडून होती. ती बांधायला त्याला तेरा महिने लागले आणि सामानालाच ५५३ डॉलर ६२ सेंट. फुकटच्या बोटीचा हा हिशेब, आणि तोही अशा माणसाचा जो जन्मभर कप्तान होता आणि सुतारकाम जाणत होता. पण महत्त्वाचं फेअरहेवन. समोर न्यू बेडफर्ड, त्या काळातलं व्हेल शिकारीचं मोठं बंदर. ओकचं लाकूड शेजारच्या कुरणात उभं, लोहार हाकेच्या अंतरावर, रस्त्याने जाणारा प्रत्येक म्हातारा खलाशी थांबून फुकट सल्ला देणारा. स्लोकमची बोट वाईट अवस्थेत होती, पण बरोबर जागी होती. तुझ्या बाबतीत नेमकं उलटं व्हायची भीती आहे.

आपल्याकडचं उदाहरण तू विसरलीस, ते मी देतो. सैन्याच्या इंजिनिअर्स कोअरच्या अधिकाऱ्यांनी ‘तृष्णा’तून १९८५ ते ८७ मध्ये जगप्रदक्षिणा केली, शिडाच्या बोटीतून ती करणारे पहिले भारतीय. ती ३७ फुटी बोटसुद्धा जुनीच, इंग्लंडात विकत घेतलेली. आधी ती इंग्लंडहून मुंबईला आणली, म्हणजे बोटीची आणि माणसांची परीक्षा तिथेच झाली, आणि मग मुंबईहून जगाला निघाले. जुनी बोट घेणं हा वेडेपणा नव्हे, एवढं त्यांनी सिद्ध केलंय. पण घेतली कुठे? शिडं शिवणारे, डोलकाठीच्या तारा ओढणारे, सर्व्हेअर जिथे सहज सापडतात त्या देशात. आणि नौदलाच्या ‘तारिणी’चं नाव तर काढूच नकोस. लिटलटनला ती आली तेव्हा तू तिच्यावर जाऊन फोटो काढलास ते आम्ही सगळ्यांनी पाहिले. गोव्यात खास बांधलेली बोट आणि पाठीशी अख्खं नौदल. तुझ्या पाठीशी मी आहे, तोही गुडघे धरून.

आता बोटीकडे वळतो, कारण शेवटी तेच तुला वाचायचंय.

तळाचे फोटो पाहून तू लिहिलंयस की फोड कुठेच नाहीत. फायबरच्या जुन्या बोटीला पाण्यात राहून फोड येतात, आत पाणी मुरतं. पण बोट तीन वर्षं कोरड्यावर असली की बरेच फोड बसून जातात आणि तळ गुळगुळीत दिसतो. कोरडा तळ साक्षीदार म्हणून कुचकामी. तरी मला फोडांची फारशी काळजी नाही. फोडांनी बोट बुडाल्याचं मी पाहिलेलं नाही.

काळजी आहे चेनप्लेटची. डोलकाठी उभी ठेवणाऱ्या तारा डेकवर येऊन ज्या स्टीलच्या पट्ट्यांना बांधलेल्या असतात, त्या. पट्टीचा डेकवरचा भाग चकाकत असतो, तुझ्या फोटोतही चकाकतोय. खरी पट्टी डेकमधून खाली जाते, आणि जिथे ती डेक ओलांडते तिथे सील जुनं झालं की पाणी झिरपतं. स्टेनलेस स्टीलला गंज न लागण्यासाठी हवा लागते. हवा नाही आणि खारं पाणी साचलंय अशा फटीत ते आतल्याआत कुरतडलं जातं, बाहेरून काही कळत नाही. मग एखाद्या रात्री वीस-पंचवीस नॉटच्या वाऱ्यात, म्हणजे फार मोठ्या वादळातसुद्धा नाही, पट्टी तुटते आणि डोलकाठी आडवी होते. आता तुझा आठवा फोटो पाहा, पुस्तकांच्या फळीमागचा तो तपकिरी ओघळ. तू विचारलंस डाग कसला. तो ओघळ बरोबर चेनप्लेटच्या खाली आहे. तिथे डेकच्या पोटात बाल्साचं लाकूड असलं तर तेही भिजलेलं असणार. नाण्याने ठोकून बघायला सांग कुणाला तरी: टणटण आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आत लगदा झालाय. पट्टी बाहेर काढून पाहिल्याशिवाय मी त्या बोटीला प्रमाणपत्र दिलं नसतं, आणि पट्टी काढायची तर आतलं लाकूडकाम फोडावं लागतं. मालक विक्रीआधी ते करू देणार नाही.

तारांचं वय कागदावर माग. दहा-पंधरा वर्षांवरच्या तारा असल्या तर बहुतेक विमा कंपन्या महासागरात जाऊ देत नाहीत, आणि तीन वर्षं बोट उभी होती म्हणून तारांचं वय थांबत नाही. शिडं उन्हाने मेलेली धर. फुगणारा जीवरक्षक तराफा ठरावीक मुदतीने उघडून तपासायचा असतो, तो तपासलेला नसणारच. इंजिनचं मी काही बोलत नाही, कारण जुनं डिझेल इंजिन कधी दगा देईल आणि कधी जन्मभर साथ देईल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. तारा, शिडं, तराफा आणि चेनप्लेटचं काम, एवढ्यातच बोटीची किंमत पुन्हा एकदा जाईल, आणि प्रत्येक वस्तू बेटावर पोहोचवण्याचा खर्च वेगळा.

कागदांबाबत तू एक ओळ लिहिलीस, ‘पेपर्स क्लिअर आहेत म्हणे’. म्हणे? परदेशी नोंदणीच्या बोटीला फ्रेंच पॉलिनेशियात करमुक्त राहायची मुदत असते. ती संपली की आयातकर भरा, नाहीतर निघा. या बोटीची किती मुदत उरली आहे ते कस्टम्सच्या कागदावरच कळेल, मालकाच्या तोंडून नव्हे. यार्डाची थकबाकी कुणाच्या माथी हेही लेखी घे. तुझा पासपोर्ट अजून भारतीय आहे. शेंगेन व्हिसा त्या बेटांवर चालत नाही, वेगळा घ्यावा लागतो, तोही मोजक्या दिवसांचा. म्हणजे तू दर खेपेला सुट्टी काढून जाणार, रविवारी ऑकलंडहून निघून तारीखरेषेमुळे शनिवारी पोहोचणार, आणि तो मिळालेला जादाचा दिवस हाच त्या खेपेतला तुझा एकमेव फायदा असणार.

आणि बोट घरी आणायचं म्हणशील तर न्यूझीलंडच्या ऑपुआ बंदरापर्यंत सरळ रेषेतच सुमारे २,२०० सागरी मैल. वाटेत रारोटोंगा, टोंगा, मग भरतीला पाण्याखाली जाणाऱ्या मिनर्वा रीफच्या आत नांगर टाकून हवामानाची वाट पाहायची, कारण शेवटचा टप्पा दक्षिणेकडच्या वादळांच्या मधल्या फटीतून काढायचा असतो. न्यूझीलंडला तळ स्वच्छ लागतो. मे २०१८ पासून शेवाळ-शिंपल्यांचा तो नियम सक्तीचा आहे. मग बोटीच्या किमतीवर १५ टक्के जीएसटी. बेरीज तूच कर. तुला ऑकलंडला दिसलेली, ॲलन राइटने आखलेली लोटस बोट अचानक महाग वाटेनाशी होईल.

हे सगळं वाचून तू म्हणशील, म्हणजे मामाचं उत्तर नाही. तसं नाही. फ्रेंच दर्यावर्दी मोयतेसिएची बोट ‘जोशुआ’ डिसेंबर १९८२ मध्ये मेक्सिकोत काबो सान लुकासच्या किनाऱ्यावर वादळात आपटली, त्याने ती जवळजवळ फुकटात दोन पोरांना देऊन टाकली, आणि आज ती ला रोशेलच्या संग्रहालयात धडधाकट तरंगतेय. अर्थात ती स्टीलची होती, वेल्डिंग कुठेही होतं. पण त्या दोघांना घरी न्यायला स्वस्त बोट हवी होती असं मला वाटत नाही. समोर पडलेली बोट उभी करण्यातच त्यांना रस असावा.

तुला काय हवंय ते तू पत्रात दोन प्रकारे लिहिलंयस. एका ठिकाणी लिटलटनच्या शनिवारांसाठी आपली बोट, दुसऱ्या ठिकाणी वर्षभर बिनपगारी सुट्टी घेऊन बेटांमधून घरी येणं. पहिलं हवं असेल तर लोटस बघ आणि रायातेआ विसर. दुसरं हवं असेल तर रायातेआला जरूर जा, पण ही बोट घेऊ नकोस. ऑक्टोबरच्या अखेरीस जा, जेव्हा त्या वर्षीच्या बोटी यार्डात चढत असतात. त्यांतली एखादी, नुकतीच पॅसिफिक ओलांडून आलेली, शिडं अजून खारी, इंजिन काल चाललेलं, मालक समोर उभा आणि घरी जायला उतावीळ. ती तुला ३० हजारांना मिळाली तरी या १२ हजारांच्या बोटीपेक्षा स्वस्त पडेल. काय मोडलं, कुठे मोडलं, कशाने बांधलं हे तो माणूस तोंडी सांगेल. मिरकरवाड्यात जुना ट्रॉलर घेणारा मालकापेक्षा सुताराचं जास्त ऐकतो. तसं तू यार्डात काम करणाऱ्या एखाद्या पोराला शहाळं पाजून विचार की या रांगेतली कुठली बोट तू स्वतः घेशील.

जमलं तर रायातेआ आणि ताहा या दोन बेटांना मिळून असलेल्या एकाच लगूनमध्ये महिनाभर हिंडून घे, मग पुढचं ठरव. बोटीच्या खोड्या तिथे उथळ पाण्यात कळलेल्या बऱ्या. तापुतापुआतेआचं मंदिरस्थळही बघ. जुन्या पॉलिनेशियन दर्यावर्दींचं ते पवित्र ठाणं, २०१७ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

या मालकाला तोवर नाही म्हणू नकोस, फक्त कस्टम्सचा कागद आणि तारा शेवटच्या बदलल्याची पावती माग. पंधरा दिवसांत आली नाही तर तुला उत्तर मिळालं. आली तर मला पाठव, सोबत त्या तपकिरी ओघळाचा जवळून काढलेला फोटो. ताईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. ती मला फोन करायच्या आत तू तिला फोन कर.

तुझा,
मामा